ऑनर्सचा आढावा लिहिताय? या चुका टाळा

ऑनर्सच्या, म्हणजे प्रबंध लिहावा लागणाऱ्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रबंधाबरोबर बहुतेक ठिकाणी आणखी एक लेखन मागतात. या काळात तुम्ही अभ्यासात आणि माणूस म्हणून कसे घडलात, त्याचा आढावा. कुणी त्याला रिफ्लेक्शन म्हणतं, कुणी पोर्टफोलिओची प्रस्तावना. प्रबंधासाठी रात्री जागवणारी मुलं हे चार पानांचं काम मात्र एका बैठकीत उरकतात. मी असे आढावे दरवर्षी तपासते आणि दरवर्षी त्याच त्या चुकांपुढे तेच ते शेरे लिहिते. मुलांनी खरोखर कष्ट केलेले असतात, बदल खरोखर झालेला असतो आणि कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. याचा मला मनापासून त्रास होतो.

शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक. निम्म्या बाकीच्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. "सगळं लक्षात आहे माझ्या," असं म्हणून मुलं लिहायला बसतात. पण लक्षात नसतंच, आणि प्रश्न फक्त विसरण्याचा नाही. आज जे ठाऊक आहे ते आपल्याला तेव्हाही ठाऊक होतं, असं मन आपल्याला पटवून देतं.

अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये बीजिंग आणि मॉस्कोच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हाचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी दौऱ्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक गोष्ट घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? दौरे आटोपल्यावर त्यांनाच पुन्हा विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडा दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्या गोष्टींना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवायला लागलं. १९७५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. काही महिन्यांपूर्वी लिहिलेल्या आकड्यांची ही गत, तर तीन-चार वर्षांपूर्वीच्या स्वतःबद्दल आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

एका विद्यार्थिनीचा आढावा असाच माझ्याकडे आला होता. पहिलंच वाक्य होतं, "पहिल्या वर्षापासून मला संशोधनाची ओढ होती." भाषा सफाईदार होती आणि व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण दुसऱ्या वर्षी हीच मुलगी ऑनर्स सोडायचं म्हणून माझ्याशी बोलायला आली होती, हे मला ठाऊक होतं. मी आढावा परत दिला आणि सांगितलं, "आता एक अक्षरही लिहू नकोस. आधी जुने मेल आणि प्रबंधाच्या आराखड्याचे सगळे खर्डे शोधून आण."

ती गठ्ठा घेऊन आली. आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात विषय होता, "समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम." समासात तिच्या मार्गदर्शकांनी लिहिलं होतं, "कोणते तरुण? कोणता परिणाम?" पुढच्या खर्ड्यात तरुणांच्या जागी विद्यार्थी आले, मग पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, मग वसतिगृहात राहणारे. शेवटच्या खर्ड्यात प्रश्न उरला होता तो एवढाच की रात्री फोन खोलीबाहेर ठेवला तर या मुलांच्या झोपेच्या वेळेत फरक पडतो का? मधल्या एका खर्ड्यासोबत तिने मैत्रिणीला मेल केला होता, "माझा विषय आक्रसत चाललाय, बहुतेक मला हे झेपत नाहीये."

ते वाक्य आम्ही दोघींनी बराच वेळ पाहिलं. तिला तेव्हा जी पीछेहाट वाटली होती, तेच तिचं संशोधक म्हणून घडणं होतं. उत्तर काढता येईल इतका लहान प्रश्न विचारायला ती शिकली होती आणि शिकत असताना तिला ते अजिबात कळलं नव्हतं. आठवणीतून लिहिलेल्या आढाव्यात याचा मागमूस नव्हता. "ओढ होती" या दोन शब्दांनी दीड वर्षाची सगळी धडपड पुसून टाकली होती. नवा आढावा त्या मेलपासून सुरू झाला. पहिल्यापेक्षा तो लहान होता, काही ठिकाणी ओबडधोबडही होता, पण वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत होता.

नोंदी ठेवण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. महिन्यातून एकदा पाच-सहा ओळी, तारीख घालून. या महिन्यात कशावरून माझं मत बदललं, काय अडलं, कुणी काय सुनावलं. रोज लिहू नका, रोजनिशीचा उत्साह पंधरा दिवसांत ओसरतो. आणि जुनी नोंद कधीही सुधारू नका. तिच्यातल्या चुका हाच तिचा उपयोग आहे.

नोंदी ठेवल्याच नसतील तरी हातपाय गाळू नका. पाठवलेले मेल चाळा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइलच्या आधीच्या आवृत्त्या तारखांसकट उघडून पाहता येतात. तपासून आलेल्या निबंधांचे समास वाचा. फोनमधले फळ्याचे फोटो बघा. अर्ज करताना लिहिलेलं "मला ऑनर्स का हवंय" हे पान सापडलं तर सोनं सापडलं समजा.

विशेषणांनी पान भरणं

"माझा आत्मविश्वास वाढला. विश्लेषणात्मक विचारक्षमता विकसित झाली. वेळेचं नियोजन सुधारलं." ही तीन वाक्यं मी इतक्यांदा वाचली आहेत की नाव झाकलं तर आढावा कुणाचा हे सांगता येणार नाही. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती लिहिणाऱ्यालाही ती खरी आहेत की नाही हे ठाऊक नसतं, माझा आक्षेप त्याला आहे.

आपण किती शिकलो याचा आपला अंदाज फार कच्चा असतो. कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतल्या ४० शब्दांचे अर्थ पाठ करायला दिले. काही जण शब्द पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिले, तर काहींनी एकदा आलेला शब्द स्वतःला विचारणं थांबवून फक्त वाचन चालू ठेवलं. आठवड्याने किती आठवतील, असं विचारल्यावर सगळ्याच गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास आला. प्रत्यक्षात स्वतःला विचारत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसतं वाचलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक पडला आणि आतून कुणालाच तो जाणवला नव्हता. म्हणून "मला जाणवलं की मी प्रगल्भ झालो" हा पुरावा मी धरत नाही.

माझा नियम असा की प्रत्येक विशेषणामागे एक तारीख आणि एक कागद हवा. विचारक्षमता वाढली म्हणता ना? मग पहिल्या वर्षाचा स्वतःचा एखादा निबंध काढा आणि आजच्या नजरेने लाल पेनाने तपासा. कुठे दाखला न देता विधान केलंय, कुठे उलट बाजूचा विचारच नाही, कुठे एकाच स्रोतावर सगळा डोलारा उभा आहे. समासात तुम्ही आज जे लिहाल तीच तुमची वाढ आहे. ते शेरे जसेच्या तसे आढाव्यात घ्या. "विश्लेषण सुधारलं" या वाक्याच्या जागी असं काही येऊ द्या: "दुसऱ्या सत्रात मी सहसंबंधालाच (दोन गोष्टी सोबत बदलण्यालाच) कारण समजून अख्खा निष्कर्ष काढला होता. आज तोच तक्ता पाहिला की आधी तिसरा घटक कोणता असेल हे मी शोधतो." वाचणाऱ्याला विशेषणाची गरजच उरत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दोन-तीन संध्याकाळ लागतात. कमी वेळात होईल असा मार्ग मला विचारू नका, तो मला माहीत नाही आणि असला तरी मी सांगणार नाही.

साच्यात शब्द भरणं

अनुभवाचा आढावा कसा घ्यावा हे सांगणारं ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं सहा टप्प्यांचं चक्र बहुतेकांना वर्गात शिकवलेलं असतं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. चक्र चांगलं आहे. पण मुलं सहा मथळे घालून प्रत्येकाखाली सारखा परिच्छेद भरतात, आणि वर्णनालाच सगळे शब्द संपतात. मी विश्लेषण आधी लिहायला लावते. ते कळायला जेवढं लागेल तेवढंच वर्णन, बाकी काढून टाकायचं. मथळेही शेवटी पुसायचे.

अपयश एका वाक्यात उरकणं

"प्रयोग फसला, पण त्यातून मी खूप शिकलो." काय शिकलात? फसलेल्या गोष्टीजवळ थांबायची कुणाची तयारी नसते. डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे: स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब टिपून ठेवी, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात हा त्याचा अनुभव होता. महिन्याच्या नोंदीत एक ओळ खास यासाठी राखा. आणि एखाद्या अपयशातून अजून काही हाती लागलं नसेल, तर तसंच लिहा. तपासणारे त्याचे गुण कापत नाहीत. ओढूनताणून आणलेला धडा मात्र लगेच ओळखू येतो.

आणखी काही, थोडक्यात

बायोडेटा परत लिहू नका. परिषदा, पारितोषिकं, पदं यांची यादी दुसरीकडे जोडलेली असतेच.

आभारांचं पान वेगळं असतं. मार्गदर्शकांनी कोणता प्रश्न विचारल्यामुळे तुम्ही अडलात, ते आढाव्यात हवं. त्यांच्या थोरवीला इथे जागा नाही.

"वैयक्तिक" आणि "शैक्षणिक" असे दोन कप्पे करू नका. हात वर करून "मला हे समजलं नाही" म्हणता येणं, ही गोष्ट कोणत्या कप्प्यात टाकाल?

आढावा एआयकडून लिहून घेऊ नका. शुद्धलेखन तपासायला हरकत नाही, पण तुमच्या जुन्या खर्ड्यांत काय आहे ते त्याला ठाऊक नाही, म्हणून ते वर दिलेली तीन वाक्यंच नव्या शब्दांत परत देतं. मागच्या बॅचच्या "चांगल्या" आढाव्यावरून बेतून लिहिण्याचा परिणामही हाच.

पहिल्याच सत्रात "माझ्यात काय बदल झाला" म्हणून विचारायला येणाऱ्यांनो, अजून काही झालेलं नाही. नोंदी ठेवा आणि अभ्यासाला लागा.

मार्गदर्शकांना शेवटच्या दिवशी दाखवणं

आदल्या रात्री पाठवलेल्या आढाव्यावर "छान आहे" याशिवाय कोण काय म्हणणार? निदान दोन आठवडे आधी द्या, आणि सोबत ज्यांचा उल्लेख केलाय ते जुने कागदही जोडा. "कसा वाटला?" असं विचारू नका. "यातलं कोणतं वाक्य तुम्हाला पटत नाही?" असं विचारा. त्यांनी बोट ठेवलेल्या वाक्यासाठी कागद सापडला तर तो जोडा, नाही सापडला तर ते वाक्य काढून टाका.