घरी न्यायचा फिलिपिनो खाऊ : काय घ्यायचं, काय दुकानातच ठेवायचं

सुट्टीचं तिकीट काढलंत की फिलिपिनो सहकारी तुम्हाला खाऊची यादी सांगायला लागतील. प्रवासाहून येताना आणायच्या खाऊला इथे फिलिपिन्समध्ये 'पासालुबोंग' म्हणतात. यादी प्रेमाने दिलेली असते, पण तुमची आजी एकादशी धरते हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

म्हणून सगळ्यात आधी डुकराच्या चरबीबद्दल. इथल्या बेकरीत चरबी ही मांसात धरत नाहीत, ती तेला-तुपाच्या जागी वापरायची वस्तू आहे. 'व्हेज आहे का?' असं विचारलंत तर विक्रेती मनापासून 'येस, नो मीट' म्हणेल आणि तिच्या परीने ते खरंही असेल. नेमकं विचारा: 'माय मंतिका नांग बाबोय पो बा?' म्हणजे यात डुकराची चरबी आहे का? अंड्याचं वेगळं विचारा: 'माय इत्लोग पो बा?' उत्तर 'वाला पो' आलं की नाही. वाक्यातला 'पो' गाळू नका, तो आपल्या 'अहो'सारखा आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती होपियात. मनिलाच्या बिनोंदोमधली, म्हणजे चिनी वस्तीतली ही गोल पापुद्र्याची मिठाई. होपिया मुंगोच्या आत मुगाचं गोड पुरण असतं, अगदी आपल्या ओळखीचं. पुरण बघून माणूस निर्धास्त होतो, पण चरबी पुरणात नसते, ती वरच्या पापुद्र्यात असते. पापुद्रे सुटे, खुसखुशीत व्हावेत म्हणून पीठ परंपरेने चरबीत मळतात. होपिया बाबोयची गंमत उलटी आहे. नाव डुकराचं, पण आत मुख्यतः साखरेत मुरवलेला कोहळा, आणि त्याच्या जोडीला चरबी. पाकिटावर 'व्हेजिटेबल शॉर्टनिंग', म्हणजे वनस्पती तूप, असेल तर ठीक. नुसतं 'शॉर्टनिंग' किंवा 'लार्ड' (डुकराची चरबी) लिहिलं असेल तर शाकाहारी घरासाठी घेऊ नका. लेबल नसलेली पारदर्शक पिशवी तर नकोच. हलालचा शिक्का असला की डुकराच्या चरबीचा प्रश्न मिटतो, दुसऱ्या प्राण्याच्या चरबीचा आणि अंड्याचा मात्र नाही. 'गुलामान' दिसलं तर घाबरू नका, ते समुद्री शेवाळाचं असतं. 'जिलेटिन' दिसलं तर पाकीट खाली ठेवा. आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 'व्हेज आहे, मी खाल्लंय' असं सांगितलं तर तो पुरावा धरू नका. आपली माणसं चव सांगतात, लेबल वाचत नाहीत.

हाच नियम पियायाला लावा. नेग्रोस बेटावरच्या बाकोलोदची ही चपटी पोळी. आत काळसर मस्कोवाडो साखर, वर तीळ, आणि तव्यावर भाजलेली. पुण्या-सांगलीचा माणूस पहिल्या घासाला 'गुळपोळी!' म्हणणारच. एकेक सुटी गुंडाळलेली मिळते, फारशी मोडत नाही. चरबीची खात्री झाली तर घरी न्यायला याहून चांगलं काही नाही.

उपवासवाल्यांसाठी सेबूजवळच्या मांदावेचं मासारेआल शोधा. दाणे वाटून साखरेच्या पाकात घोटलेली ही कांडी. घटक बघितलेत तर दाणे, साखर, पाणी. दाण्याच्या वडीची चुलत बहीणच म्हणायची.

पास्तियास म्हणजे म्हशीच्या दुधाच्या पेढ्यासारख्या छोट्या कांड्या. बुलाकान प्रांतातल्या सान मिगेलच्या नावाजलेल्या. तिथे त्यांच्या वेष्टनाच्या कागदात कात्रीने नक्षी कापायची जुनी कला आहे. कागदाचं लांब शेपूट बाहेर लोंबतं, त्यात फुलं, झोपड्या कोरलेल्या असतात. तशी मिळाली तर आतल्या मिठाईपेक्षा कागदच जपून न्या. ताज्या दुधाच्या पास्तियास निघायच्या आदल्या दिवशी घ्या आणि पोचल्यावर लगेच वाटा. दूध पावडरच्या जास्त टिकतात, पण तोंडात पिठूळ लागतात.

पोल्वोरोन म्हणजे भाजलेला मैदा, दूध पावडर, साखर आणि लोणी साच्यात दाबून केलेली वडी. 'पिनिपिग' लिहिलेली घ्या, त्यात कोवळ्या तांदळाचे कुरकुरीत पोहे असतात. धक्का लागला की तिचा भुगा होतो. पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवा, उरलेल्या फटीत मोजे कोंबा आणि डबा बॅगेच्या मध्यावर, कपड्यांत ठेवा. सेबूच्या ओताप या पापुद्र्याच्या बिस्किटालाही हेच, आणि त्याच्या पापुद्र्याला चरबीचा नियमही.

सुका आंबा सगळेच नेतात. आपल्या आंबापोळीसारखा रस वाळवलेला नसतो, काराबाओ आंब्याच्या फोडी साखरेत मुरवून वाळवतात. विमानतळावर आणि पासालुबोंगच्या दुकानात तेच पाकीट महाग पडतं, नेहमीच्या सुपरमार्केटमधून घ्या. बऱ्याच पाकिटांत सल्फाइट असतं, दम्याच्या माणसाला देण्याआधी मागची बाजू वाचा. हापूस श्रेष्ठ की इथला, हा वाद मात्र ऑफिसात काढू नका, दुपार जाते. ताजी फळं बॅगेत घालू नका, भारतात क्वारंटीनला अडतात. केळ्याचे वेफर्स कोकणात नेऊन काय करणार?

दावाओहून जाणाऱ्या मेडिकलच्या मुलांना दुरियान या उग्र वासाच्या, फणसासारख्या फळाची कँडी न्यायचा मोह होतो. फणसवेड्या घरात चालते, बाकीच्या घरांत तिचा वास कपाटात राहतो. त्यापेक्षा तिथलं कोकोचं चॉकलेट न्या, फक्त मे महिन्यात नको.

आता पैसे वाया जातात ती जागा. उबे हालाया म्हणजे जांभळ्या कंदाचा घट्ट जॅम, बागियोच्या कॉन्व्हेंटचा प्रसिद्ध. बरणी हातातल्या बॅगेत ठेवलीत की सुरक्षा तपासणीत गेलीच, कारण तो जेल धरला जातो आणि मर्यादा 100 मिलिलिटरची. करवंटीत येणारं बोहोलचं कालामायही त्यातच मोडतं. मनिलात तपासणीनंतर घेतलं म्हणून सुटलात असं समजू नका. सिंगापूरला विमान बदलताना गेटवर पुन्हा तपासतात. बरणी चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत, झाकणाला टेप लावून.

तारखाही नीट बघा. इथे बहुतेकदा महिना आधी लिहितात. पाकिटावर 04/09 असेल तर ती 9 एप्रिल असते, 4 सप्टेंबर नव्हे. सवलतीच्या टोपलीतली पाकिटं उचलताना नेमका इथेच घोळ होतो.

सुकी मासळी न्यायची असेल तर मालवणकडच्या मंडळींना काय सांगायचं! इतकंच, की ती पोल्वोरोनच्या बॅगेत नको.

आणि परत येताना ऑफिसात 'पासालुबोंग को?' म्हणजे 'माझा खाऊ?' हा प्रश्न ठरलेलाच. तिखट नको, बहुतेकांना झेपत नाही. चिक्की चालते, पण एकेक सुटी गुंडाळलेली आणा, आणि टेबलं मोजून आणा.