हवेतली धूळ मोजताना आधी पंप तपासा

पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचा आकडा विचित्र आला की सगळे तराजूवर खापर फोडतात. मी आधी पंपाकडे जाते.

हिशोबच बघा. पंप फिल्टरमधून मिनिटाला १६.७ लीटर हवा ओढतो; २४ तासांत झाली २४ घनमीटर. घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर फिल्टरवर जमणार जेमतेम १.२ मिलिग्रॅम. या वजनाला ज्या घनमीटरांनी भागायचं, तेच चुकले तर तराजू चोख असून काय उपयोग?

एकदा मी दोन सॅम्पलर, म्हणजे पंप-फिल्टरची यंत्रं, शेजारी शेजारी लावले. आठवडाभर दोघांचे आकडे छान जुळले. मी खूश! मग कळलं, दोन्हींचा प्रवाह एकाच फ्लोमीटरने लावला होता आणि तो मीटरच ५ टक्के जास्त दाखवत होता. दोघं इमानेइतबारे एकच चूक करत होते. त्यात प्रवाह कमी पडला की सायक्लोन (मोठे कण फिल्टरआधीच गाळणारा भाग) २.५ मायक्रॉनहून जरा मोठे कणही आत सोडतो, म्हणजे एक चूक दुसरीला थोडीफार झाकते. अशी एकाच बाजूला कललेली चूक महिन्याची सरासरी काढूनही जात नाही. म्हणून ज्या मीटरने प्रवाह लावला त्यानेच तो तपासू नका. दुसरा, प्रमाणित केलेला घ्या. मग हवा आत घेणारं तोंड बंद करून गळती बघा.

गळती फिल्टरवरही दिसते. काढलेला फिल्टर उजेडात धरा. काळ्या डागाची कड कंपासने काढल्यासारखी हवी. एखाद्या बाजूला ती फिसकटली असेल तर रबरी रिंग नीट बसलेली नव्हती. तो नमुना बाद.

तोलण्याआधी फिल्टर, कोरा असो वा वापरलेला, किमान २४ तास त्याच तापमानात आणि त्याच दमटपणात ठेवा. मी ३० ते ४० टक्के आर्द्रता धरते. टेफ्लॉनवर स्थिर विद्युत साचते आणि आकडा सरकत राहतो, ती आधी घालवा. एक कोरा फिल्टर दरवेळी सोबत न्या, यंत्रात बसवा, हवा न ओढता परत आणा. त्याचं वजन वाढलं तर ती धूळ तुमच्या हाताळणीतली. आणि वापरलेला फिल्टर उन्हात तापणाऱ्या यंत्रात पडू देऊ नका. त्यातलं अमोनियम नायट्रेट चक्क उडून जातं.

लेझरच्या छोट्या सेन्सरचं दुखणं वेगळं. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. शेजारी आर्द्रतेची नोंद नसेल तर पहाटेचे आकडे मी वापरत नाही.

वायूंचं थोडक्यात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या यंत्रात मॉलिब्डेनम कन्व्हर्टर (मोजण्याआधी त्या वायूचं नायट्रिक ऑक्साइड करणारा भाग) असेल तर नायट्रिक आम्लही त्यात मोजलं जातं, आकडा फुगतो. ओझोन मळक्या नळीत वाटेतच संपतो. नळी टेफ्लॉनची, आखूड, स्वच्छ हवी. पीपीबीचे (अब्ज भागांत किती भाग) मायक्रोग्रॅम करताना तापमान लिहा: १ पीपीबी नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे घनमीटरला २५ अंशांना १.८८ मायक्रोग्रॅम, २० अंशांना १.९१. वहीत नुसतं ‘गुणिले १.९’ दिसलं की मी ती वही परत पाठवते.