मत्स्यजिरे सोडण्याआधी तळ्यातले अन्न कसे तपासावे

रोहू, कटला किंवा मृगळ यांचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे तीन दिवस पोटाखालच्या पीतक पिशवीवर, म्हणजे अंड्यातून मिळालेल्या अन्नसाठ्यावर, जगते. ती संपली की त्याला बाहेरचे अन्न तत्काळ लागते. या वयाच्या पिल्लांना मत्स्यजिरे किंवा नुसते जिरे म्हणतात. समुद्रातल्या हेरिंग आणि कॉड माशांबाबत नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये हाच काळ निर्णायक मानला होता. समुद्रावर कोणाचा ताबा नसतो, जिरे वाढवण्याच्या संगोपन तळ्यावर मात्र असतो.

प्रथम पाणी तयार करावे. हेक्टरी ७५० किलो भुईमुगाची पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र भिजवून त्यातील निम्मे मिश्रण जिरे सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस तळ्यात पसरावे आणि उरलेले पुढे हप्त्यांनी द्यावे.

त्यानंतरची तपासणी अनेक जण टाळतात, कारण पाणी हिरवे दिसले की अन्न तयार झाले असे त्यांना वाटते. हिरवा रंग शेवाळाचा असतो. जिऱ्यांना हवे असतात ते प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी: आधी बारीक रोटिफर आणि तोंड जरा मोठे झाल्यावर मोइनासारखे जीव. म्हणून तळ्याच्या निरनिराळ्या भागांतले ५० लिटर पाणी अतिबारीक छिद्रांच्या प्लवंग जाळीतून गाळावे (चहाच्या गाळणीतून हे जीव सहज निसटतात), जाळीत उरलेले काचेच्या नळीत घ्यावे आणि चिमूटभर मीठ टाकून पंधरा मिनिटे थांबावे. मीठ टाकण्यापूर्वी नळी उजेडासमोर धरली तर झटके देत फिरणारे फिकट ठिपके दिसतात. तळाशी एक ते दोन मिलिलिटर साका बसला तर जिरे सोडण्यास हरकत नाही; त्याहून कमी असेल तर थांबावे.

जिरे सोडल्यावर पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात, बारीक चाळून, दहा लाख जिऱ्यांमागे पहिले पाच दिवस रोज ६ किलो आणि पुढे १२ किलो, दोन वेळांत विभागून द्यावा. हा जोडआहार आहे. प्लवंगांची जागा तो घेत नाही.

दर तीन-चार दिवसांनी काही पिल्ले पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहावीत. पोट भरलेल्या पिल्लाच्या पारदर्शक अंगातून आतड्याची गडद रेघ दिसते, तर उपाशी पिल्लाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, पोट खपाटीला गेलेले आणि पोहणे मंद असते. अशी पिल्ले आढळताच त्याच दिवशी खताचा हप्ता व खाद्य तपासावे, कारण उपासमार एका मर्यादेपलीकडे गेली की समोर अन्न असूनही पिल्लू ते टिपत नाही.