ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आलंय? मग बाळासाठी हे आत्ताच करून ठेवा

गरोदरपणात नाव नोंदवलं की रक्ताच्या चार-पाच टेस्ट करतात ना, एचआयव्ही, व्हीडीआरएल, शुगर, हिमोग्लोबिन, त्यातच एक एचबीएसएजी असते, म्हणजे लिव्हरला धरणाऱ्या हिपॅटायटिस बी व्हायरसची टेस्ट, जुने डॉक्टर आणि लॅबवाले तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. माझी तिसऱ्या महिन्यात पॉझिटिव्ह आली तेव्हा मला काहीच होत नव्हतं, डोळे पिवळे नाहीत, भूक व्यवस्थित, सासूबाई म्हणाल्या कावीळ असती तर दिसली असती की. पण हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं अंगात गप बसून राहू शकतो, त्यामुळे दिसण्यावर जाऊ नका. आणि कोणी कावीळ उतरवायला नेतो म्हणालं किंवा झाडपाल्याचा रस आणून दिला तर सरळ नाही म्हणायचं, लिव्हरवर आणखी भार कशाला.

बाळाची एवढी घाई का? तर मोठ्या माणसाला हा व्हायरस लागला तर शंभरात ९५ जणांच्या वर आपोआप त्यातून बाहेर पडतात, पण जन्मताना लागला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि मोठेपणी सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं), लिव्हर कॅन्सरची भीती राहते. बहुतेक वेळा तो बाळंतपणाच्या वेळीच आईच्या रक्तातून जातो, म्हणून तर अडवता येतो.

आधी एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड, रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट करून घ्या, सोबत एचबीईएजी (व्हायरस जोरात वाढतोय का ते कळतं) आणि लिव्हरच्या टेस्ट. लोड दोन लाख आययूच्या वर असेल तर साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर या व्हायरस दाबणाऱ्या औषधाची रोज एक गोळी देतात. २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यात टेस्ट आणि गोळ्या फुकट मिळतात, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा, आशाताईंना पण विचारा. बाळ झालं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, अचानक सोडली की लिव्हरला सूज येऊ शकते.

आता खरा मुद्दा. जन्मल्यावर बाळाला दोन इंजेक्शनं लागतात, एका मांडीत हिपॅटायटिस बीची लस, ती २४ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकं बरं, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडी, ते शक्यतो १२ तासांत. लस सरकारी दवाखान्यात असतेच, अडतं ते दुसऱ्यापाशी, कारण ते महाग आणि सगळीकडे ठेवत नाहीत. आम्ही आठव्या महिन्यात विचारलं तेव्हा "मिळेल हो, काळजी करू नका" असं उत्तर मिळालं, आणि रविवारी पहाटे अडीचला बाळ झालं, सिस्टरनी फ्रीज उघडला तर नाही. लस लगेच दिली, पण नवरा गाडी काढून केमिस्ट शोधत हिंडला, दोन बंद, तिसऱ्यानं दुकान उघडून दिलं, आइस पॅकच्या डब्यातनं आणलं आणि साडेनऊला टोचलं. सात तास, जमलं, पण ते सात तास मी विसरणार नाही. म्हणून सांगते, ३६ व्या आठवड्याच्या आधीच औषध कुठं मिळतं ते बघा, परवडत असेल तर आणून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा तो नंबर घरातल्या दोघांकडे तरी असू दे. नाहीच मिळालं तर त्याची वाट बघत लस थांबवू नका, मुख्य संरक्षण लसीचंच आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, मग फाइल सासरी राहते आणि तिथल्या डॉक्टरांना काहीच माहीत नसतं. मी माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनानं "एचबीएसएजी पॉझिटिव्ह" लिहून ठेवलं होतं, आईला ते आवडलं नाही, चारचौघांत दिसेल म्हणून, पण लाज परवडत नाही हो.

बाकी भीती बऱ्याच फुकटच्या आहेत. एवढ्याच कारणासाठी सिझर करायची गरज नाही. अंगावर पाजायचं, चिकाचं दूध पण द्यायचं, फक्त निपलला चिरा पडून रक्त येत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ताट-वाटी वेगळी करणं, बाळाला उचलू न देणं हे बावळटपणाचं आहे, हा आजार जेवणातून पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, रेझर, टूथब्रश, नेलकटर. नवऱ्याची आणि आधीच्या मुलांची टेस्ट करा, निगेटिव्ह असतील तर लस द्या.

एचआयव्ही असेल तर गणित वेगळं, आईला कायमची एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं आणि बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध, ते सगळं एआरटी सेंटरमध्ये समजावतात, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून पण विचारता येतं.

पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट चुकवू नका, त्यात हीच लस असते. आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाला जाल तेव्हाच बाळाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (लसीनं संरक्षण तयार झालं का ते सांगणारी) टेस्ट डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्याआधी केली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा त्याच्या वर आली की बाळ सुटलं. दहाच्या खाली असेल तर परत डोस द्यावे लागतात, तेवढंच.