लिनक्सवर एक्स्टर्नल ड्राइव्ह वापरताना: ओळखणं, फॉरमॅट करणं आणि नीट काढणं

लिनक्सवर पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की बहुतेक वेळा ती आपोआप फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत दिसते. चुकून डेटा जातो तो बहुतेक दोन वेळी: फॉरमॅट करताना आणि ड्राइव्ह काढताना. तिथे घाई नको.

पुढे कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजीत, छोट्या (स्मॉल) अक्षरांत टाइप करायची.

१. आधी ड्राइव्ह ओळखा

ड्राइव्ह लावण्याआधी आणि लावल्यावर ‘एलएसबीएलके’ ही जोडलेल्या ड्राइव्हची यादी देणारी कमांड चालवा. दुसऱ्या यादीत जे नाव नव्याने आलं, तो तुमचा ड्राइव्ह. समजा ते ‘एसडीबी’ आहे. मग एसडीबी म्हणजे अख्खा ड्राइव्ह आणि एसडीबी१ म्हणजे त्यावरचं पहिलं पार्टिशन, म्हणजे पहिला भाग. ही नावं कायमची नसतात. आज एसडीबी असलेला ड्राइव्ह उद्या एसडीसी होऊ शकतो, त्यामुळे कालची कमांड आज तशीच चालवू नका. आकारही ताडून पाहा. १ टीबीचा ड्राइव्ह इथे ९३१ जीबी दिसतो. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४ च्या, इतकंच.

यादीत नावच आलं नाही, तर केबल आणि पोर्ट बदलून पाहा. २.५ इंची डिस्क पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २ च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ची ९००. डिस्क टिकटिक करून बंद पडत असेल तर मधला हब काढा आणि ती थेट पोर्टला लावा. तरीही टिकटिक चालूच राहिली, तर डिस्क खराब होत आली असण्याची शक्यता धरा आणि जमेल तेवढा डेटा आधी बाहेर काढा.

२. फॉरमॅट कोणता?

ड्राइव्ह कुठे कुठे फिरणार आहे, यावर हे ठरतं.

फक्त लिनक्सवर आणि बॅकअपसाठी वापरणार असाल तर एक्स्ट४. फाइलींचे मालक आणि परवानग्या त्यात जशाच्या तशा राहतात. एक खोच मात्र आहे: ड्राइव्हवर मालकाचं नाव साठत नाही, क्रमांक साठतो. दुसऱ्या संगणकावर तुमचा क्रमांक वेगळा असेल, तर स्वतःच्याच फाइली बदलताना ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळेल.

विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे फिरवायचा असेल तर एक्सफॅट. लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) त्याचा आधार ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. फॅट३२ जुन्या उपकरणांपुरताच ठेवा, कारण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. ड्राइव्हवर जागा रिकामी असूनही मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल, तर बहुधा हेच कारण असतं.

फॉरमॅट करायला ग्नोम या डेस्कटॉपचं ‘डिस्क्स’ ॲप सोयीचं:

- डावीकडे ड्राइव्ह निवडा. वर दिसणारं मॉडेलचं नाव आणि आकार दोन्ही वाचा.
- पार्टिशनवर क्लिक करून दातेरी चाकाच्या बटणातून ‘फॉरमॅट पार्टिशन’ निवडा.
- ड्राइव्हला छोटं नाव द्या आणि प्रकार निवडा. एक्सफॅट ‘अदर’ या पर्यायाखाली सापडतो. तो निवडता येत नसेल तर ‘एक्सफॅटप्रॉग्ज’ हे पॅकेज बसवा.
- शेवटच्या इशाऱ्यात ड्राइव्हचं नाव पुन्हा येतं. ते वाचूनच पुढे जा.

३. काढताना

कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली म्हणजे फाइल ड्राइव्हवर पोचलीच असं नाही. लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतो आणि मागून सवडीने ड्राइव्हवर लिहितो. २ जीबीची फाइल कॉपी करताना खिडकी काही सेकंदांत बंद होऊ शकते, पण १० एमबी प्रतिसेकंद वेगाने लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला ती उतरवायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. मधेच ओढून काढलात तर फाइलचं नाव दिसेल, आकारही बरोबर दिसू शकेल, पण उघडायला गेलात की अर्धी.

म्हणून ड्राइव्हच्या नावाशेजारचं बाहेर काढण्याचं बटण दाबा आणि ‘आता काढायला हरकत नाही’ अशा अर्थाची सूचना येईपर्यंत थांबा. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ चालवा, ती संपली की ‘यूमाउंट’, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवणारी कमांड. त्या कमांडच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही. नवखे बरेचदा इथेच अडतात.

‘टार्गेट इज बिझी’ आलं, तर त्या ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी आहे किंवा टर्मिनल ड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये उभं आहे. ‘सीडी’ एवढंच लिहून एंटर दाबा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी सुटत नसेल तर ‘एलएसओएफ’ या कमांडला ड्राइव्ह ज्या फोल्डरवर माउंट झाला (म्हणजे जोडला गेला) आहे त्याचा पत्ता द्या, अडवणारा प्रोग्रॅम दिसेल.

४. विंडोजवरून आलेला ड्राइव्ह

एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) असलेला ड्राइव्ह फक्त वाचता येत असेल किंवा माउंटच होत नसेल, तर बहुधा तो विंडोजमध्ये नीट बंद झालेला नसतो. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ हे नेहमीचं कारण, कारण त्यात शटडाउन अर्धवट असतो. ड्राइव्ह पुन्हा विंडोजला लावा, त्रुटी तपासून घ्या आणि तिथूनही रीतसर इजेक्ट करा. लिनक्सवर जबरदस्तीने माउंट करून त्यावर लिहिण्याच्या फंदात पडू नका.

५. कायमचा जोडलेला ड्राइव्ह

ड्राइव्ह दर वेळी एकाच फोल्डरवर हवा असेल, तर ‘एफस्टॅब’ या, सुरुवातीला कोणते ड्राइव्ह कुठे जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये त्याची ओळ लिहा. तिथे एसडीबी१ नको, यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या; ‘एलएसबीएलके’ला ‘-एफ’ जोडलं की तो दिसतो. पर्यायांमध्ये ‘नोफेल’ हवाच. तो नसेल आणि ड्राइव्ह न लावता संगणक सुरू केलात, तर सिस्टिमडी (संगणक सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) साधारण ९० सेकंद वाट पाहतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं.