टेपवरच्या बॅकअपमधून युनिक्सची फाइल सिस्टिम परत कशी आणावी

इथे गृहीत धरलं आहे की लिनक्सवर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आहे, बॅकअप 'डम्प' या कमांडने घेतलेला आहे आणि तो 'रिस्टोअर' या कमांडने परत आणायचा आहे. फ्रीबीएसडीवर पद्धत जवळपास हीच. सोलारिसवर कमांडची नावं यूएफएसडम्प आणि यूएफएसरिस्टोअर अशी आहेत. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमची हत्यारं वेगळी आणि 'टार' या कमांडने लिहिलेल्या टेपचा मामलाही वेगळा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करा.)

टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही याची सोय करा. एलटीओ (बॅकअप टेपचा एक प्रकार) कार्ट्रिजच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती कुलपाच्या बाजूला सरकवा. घाईत रिस्टोअरऐवजी डम्प टाइप झालं, तर तीच पट्टी तुम्हाला वाचवेल. टेप आणि ड्राइव्हची पिढीही बघा: एलटीओ-७ ड्राइव्ह एलटीओ-५ची टेप वाचतो, पण एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-६ची टेपसुद्धा वाचत नाही.

आता कोणत्या टेप लागतील ते ठरवा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लेव्हल ० म्हणजे पूर्ण डम्प; त्यावरच्या लेव्हलचा डम्प इन्क्रिमेंटल, म्हणजे त्यात आधीच्या कमी लेव्हलच्या डम्पनंतर बदललेलं तेवढंच असतं. समजा रविवारी लेव्हल ०, सोमवारी ३, मंगळवारी २, बुधवारी ५, गुरुवारी ४, शुक्रवारी ७ असा क्रम होता आणि शनिवारी डिस्क गेली. शेवटच्या टेपपासून मागे चालत या आणि आधी उचललेल्या टेपपेक्षा लेव्हल कमी असेल तीच टेप उचला. शुक्रवारची ७ घेतली, गुरुवारची ४ घेतली, बुधवारची ५ सोडली, मंगळवारची २ घेतली, सोमवारची ३ सोडली, रविवारची ० घेतली. म्हणजे सहापैकी चारच टेप लागतात. लावताना मात्र क्रम उलटा: ०, २, ४, ७.

ड्राइव्हला दोन नावं असतात. 'एसटी०' या नावाने टेप उघडली की काम संपताच ती आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. 'एनएसटी०' वापरलं तर आहे तिथेच थांबते. एका टेपवर रूट, व्हार आणि होम असे तीन डम्प ओळीने असतील आणि होम हवं असेल, तर 'एमटी' (टेप मागेपुढे करायची कमांड) वापरून आधी रिवाइंड करा, मग 'एफएसएफ २' देऊन दोन डम्प ओलांडा. हे 'एसटी०'वर केलं तर टेप पुढे जाते, लगेच मागे येते आणि तुम्ही रूटचा डम्प होम समजून वाचत बसता. रिस्टोअरच्या 'एस' पर्यायानेही पुढे जाता येतं, पण तिथली मोजणी १ पासून आहे, म्हणून होमसाठी ३. दोन्ही उपाय एकदम करू नका, टेप दुप्पट पुढे जाईल.

योग्य जागी पोचल्यावर 'टी' पर्यायाने नुसती यादी काढून बघा. वरच्या ओळींत डम्पची तारीख, लेव्हल आणि फाइल सिस्टिमचं नाव येतं. कधीपासूनचे बदल आहेत, त्या जागी 'एपॉक' म्हणजे १ जानेवारी १९७० दिसलं, तर तो पूर्ण डम्प. यादी वाचताना टेप पुढे सरकते, तेव्हा पुन्हा रिवाइंड करून जागेवर आणा.

मग नव्या पार्टिशनवर 'एमकेएफएस'ने रिकामी फाइल सिस्टिम बनवा, माउंट करा (म्हणजे एका डिरेक्टरीला जोडा) आणि 'सीडी'ने तिच्या आत जा. रिस्टोअर सगळा माल तुम्ही उभे असाल त्याच डिरेक्टरीत ओततो, म्हणून आधी 'डीएफ' आणि पुढे एक टिंब देऊन खात्री करा. माउंट फसलं असेल तर रूट भरून जाईल. आता रिस्टोअरला 'आर', 'व्ही', 'एफ' हे पर्याय आणि टेपचं नाव द्या. रेस्क्यू डिस्कवरून काम करत असाल तर टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत) जागा पुरत नाही; तात्पुरत्या फाइलींसाठी 'टी' (मोठं अक्षर) देऊन दुसरी डिरेक्टरी दाखवा.

पहिली टेप संपल्यावर तिथे 'रिस्टोअरसिमटेबल' नावाची फाइल दिसेल. अनोळखी म्हणून ती पुसू नका. पुढची टेप तिच्याच आधारे कोणती फाइल हलली, कोणती काढून टाकली ते ठरवते. 'इन्क्रिमेंटल डम्प टू हाय' असा संदेश आला तर मधली एखादी टेप राहिली आहे. शेवटची टेप झाल्यावरच ती फाइल काढा.

नव्या फाइल सिस्टिमला नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) मिळतो, तेव्हा 'एफएसटॅब'मधला (कोणती फाइल सिस्टिम कुठे माउंट करायची त्या यादीतला) जुना बदला. रूट परत आणलं असेल तर ग्रब हा बूट लोडरही पुन्हा बसवा. आणि लगेच नवा लेव्हल ० डम्प घ्या. रिस्टोअर फाइली परत आणतो, पण त्यांचे आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिम फाइल ओळखते ते आकडे) नवे पडतात. जुन्या लेव्हल ०वर नवे इन्क्रिमेंटल चढवले तर त्यांचा मेळ बसत नाही.

एखाद-दुसरीच फाइल हवी असेल तर 'आर'ऐवजी 'आय' द्या. 'एलएस', 'सीडी' करत फाइल शोधा, 'अ‍ॅड' करा, मग 'एक्स्ट्रॅक्ट'. कितवा व्हॉल्यूम (म्हणजे कितवी टेप) विचारलं की एकच टेप असल्यास १ सांगा. शेवटी टिंबाचा, म्हणजे चालू डिरेक्टरीचा, मालक आणि परवानग्या बदलू का, असा प्रश्न येतो; उत्तर 'एन'. टेंपमध्ये उभं राहून 'वाय' दिलंत तर टेंपला होमच्या परवानग्या लागतात आणि बाकीच्यांना तिथे एक फाइलही लिहिता येत नाही.