प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर काय करावे

लहान मुलांच्या कांजिण्या बहुतेक वेळा आठवड्याभरात सुकतात. म्हणून मोठ्या माणसाच्या अंगावर फोड आले तरी घरचे म्हणतात, "निघून जातील चार दिवसांत." एरवी धडधाकट असलेल्या प्रौढालाही कांजिण्या मुलांपेक्षा जास्त त्रास देतात. केमो (कर्करोगावरची औषधे) चालू असलेल्या किंवा किडनी बदललेल्या माणसाच्या बाबतीत तर असे चार दिवस थांबणे जिवावर बेतू शकते.

आधी आपण या गटात येतो का ते पाहा

रक्ताचा किंवा इतर कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्हीमुळे घसरलेल्या सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा संधिवातासाठी चालू असलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, हे सगळे यात येते. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे किंवा जास्त काळ चालू असेल, तर तुम्हीही या गटात आहात. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. आठवत नसेल तर रक्तातील अँटीबॉडीची (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांची) तपासणी करता येते.

संपर्क आला की फोड येण्याची वाट पाहू नका

नातवंडाला शाळेतून कांजिण्या आल्या, असे पुष्कळदा घडते. हा विषाणू हवेतून पसरतो आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण करू शकतो. संपर्कानंतर साधारण 10 ते 21 दिवसांत आजार दिसतो. हाच मधला काळ उपयोगाचा आहे. तयार अँटीबॉडीचे इंजेक्शन (व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन) जितके लवकर तितके चांगले, आणि 10 दिवसांच्या आत द्यावे लागते. ते मिळाले नाही तर डॉक्टर संपर्काच्या सातव्या दिवसापासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करू शकतात. म्हणून संपर्काची तारीख लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पहिला फोड दिसला, त्याच दिवशी

आधी ताप आणि अंगदुखी येते, मग लालसर डाग उठतात. काही तासांत त्यावर पातळ कातडीचा, पाण्याने भरलेला फोड येतो. पाठीवर नवा डाग, पोटावर फोड आणि छातीवर खपली, असे सगळे एकाच वेळी दिसले तर कांजिण्यांची शक्यता दाट असते.

दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांगा. केमोच्या किंवा डायलिसिसच्या रांगेत जाऊन बसलात, तर शेजारच्या तुमच्याइतक्याच नाजूक माणसाला लागण होईल. या गटातल्या रुग्णाला सहसा दाखल करून विषाणूविरोधी औषध अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून, दर आठ तासांनी दिले जाते. पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत ते सुरू झाले तर सर्वात चांगले. उशीर झाला असला, तरी या रुग्णांना ते द्यावेच लागते. या औषधाचे स्फटिक किडनीत अडकू शकतात, म्हणून सलाईन लावतात. किडनीचा त्रास असेल तर शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. चालू औषधांच्या पट्ट्याही पिशवीत टाका. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही प्रकृती कोसळते.

या खुणा दिसल्या तर रात्र असली तरी निघा

धाप, कोरडा खोकला, छातीत दुखणे किंवा रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली जाणे, ही विषाणूच्या न्यूमोनियाची लक्षणे असू शकतात. पुरळ उठल्यापासून पहिल्या आठवड्यात त्याचा धोका मोठा असतो. बडबड, गुंगी, तोल जाणे किंवा झटका (फिट) येणे म्हणजे मेंदूपर्यंत त्रास पोचलेला असू शकतो. फोडांत रक्त दिसणे, हिरड्यांतून रक्त येणे, डोळे पिवळे होणे, आठवड्यानंतरही नवे फोड येत राहणे, यांपैकी काहीही घरी बसून पाहायचे नाही.

एक खूण मुद्दाम सांगायला हवी. या रुग्णांत कधी कधी आधी पोटात किंवा पाठीत भयंकर कळा येतात आणि पुरळ नंतर उठते. विषाणू यकृत आणि इतर आतल्या अवयवांत पोचल्यामुळे हे होते. घरचे गॅसची गोळी देतात आणि मोलाचा वेळ जातो. संपर्क आलेला असेल, तर पोटदुखीसाठी दाखवतानाही तो डॉक्टरांना सांगा.

घरी काय करावे, काय टाळावे

तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. नखे बारीक कापा. कोमट पाण्याने आंघोळ करा आणि अंग टिपून घ्या. फोड लाल, गरम होऊन दुखू लागले तर त्यात जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो.

आपल्याकडे अजूनही 'देवी आल्या' म्हणून औषध आणि आंघोळ बंद करतात. उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवायचा तर जरूर ठेवा, त्या श्रद्धेने कुणाचे बिघडत नाही. औषध मात्र थांबवू नका.

लस कुणी घ्यायची

कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे प्रतिकारशक्ती खूप दबलेल्या रुग्णाला ती देत नाहीत. प्रत्यारोपण ठरलेले असेल तर आधीच, वेळ ठेवून, लसीबद्दल विचारा. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा घरातल्या इतरांनी ती घ्यावी. प्रौढांना दोन डोस लागतात, दोहोंत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून. लस घेतलेल्याच्या अंगावर पुरळ उठले, तर ते जाईपर्यंत त्याने रुग्णाच्या खोलीत जाऊ नये.